दोन चतुर्थ्यांचा आकडा

यंदाच्या अंकासाठी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा विषयही त्यांनीच काढून ठेवला होता. "डॉक्टर, पेशंट बघून तो किती वर्षं काढणार ते तुम्ही सांगायचात. मालवणात केवढा बोलबाला होता त्याचा. त्या अचूक भाकितांच्या आठवणी लिहा. लोकांना आवडतात."

लोकांना आवडतात हे खरंच आहे. दुसऱ्याची किती वर्षं उरली आहेत हे ऐकायला नको म्हणणारा माणूस मला इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये भेटला नाही. तेव्हा लिहितो. फक्त संपादकांना हव्या असलेल्या आठवणी आणि माझ्याकडे उरलेल्या आठवणी यांत थोडा फरक आहे, तो त्यांनी गोड मानून घ्यावा. माणसांची नावं मी बदलली आहेत. माझं नाव वर छापलं आहे, ते खरं आहे.

मी छातीचा डॉक्टर. छातीतून हृदय वगळलं की जे उरतं ते माझ्या वाट्याचं. माझे बहुतेक पेशंट एकाच दुखण्याचे. फुप्फुसांतल्या नळ्या वर्षानुवर्षांच्या धुराने आखडतात आणि पुन्हा पहिल्यासारख्या मोकळ्या होत नाहीत. माणसाला आधी चढावर धाप लागते, मग सपाटीवर, मग अंघोळ करताना. पुरुषांना हे दुखणं विडी-सिगारेटने होतं. आमच्याकडच्या कितीतरी बायकांनी मात्र जन्मात विडीला हात लावलेला नसतो. त्या फक्त उकड्या तांदळाची पेज पुरुषांच्या पानात पडावी म्हणून घरामागच्या मांगरात मोठाल्या भांड्यांतून भात उकडत बसलेल्या असतात, ओल्या लाकडांवर आणि नारळाच्या सोडणांवर, म्हणजे सालींवर. धूर त्यांचा, पेज सगळ्यांची.

हा रोग बरा होत नाही, आटोक्यात ठेवता येतो, असं सांगितलं की नातेवाइकांचा पुढचा प्रश्न ठरलेला. "किती?" आमच्याकडे वर्षं चतुर्थीने मोजतात. मुंबईची माणसं गणपतीला घरी येतात, भाऊबंद एकत्र बसतात, राहिलेली भांडणं पुरी होतात. त्यामुळे प्रश्न असा यायचा, "डॉक्टर, किती चतुर्थ्यो काढतीत?"

दुसरा एखादा डॉक्टर म्हणाला असता, ते कसं सांगणार? मी सांगायचो.

त्याला शास्त्र होतं, हे आधीच सांगून ठेवतो. चार गोष्टी बघायच्या. माणसाचं वजन उंचीच्या मानाने किती. यंत्राच्या नळीत फुंकल्यावर पहिल्या सेकंदाला हवा किती बाहेर पडते. धाप कधी लागते. आणि सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो. चारही गोष्टींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. शाळेच्या उलट हिशेब: ज्याला गुण जास्त, तो लवकर सुटतो.

यातली चाल मला फार आवडायची. त्यासाठी मी क्लिनिकच्या मागच्या बाजूला लांबलचक व्हरांडा बांधून घेतला आणि त्यात चकचकीत फरशी बसवली. दोन टोकांना दोन प्लॅस्टिकच्या बादल्या उपड्या ठेवलेल्या. या बादलीपासून त्या बादलीपर्यंत, वळसा घालून परत, जमेल तितकं भराभर चालायचं, धावायचं नाही. माझी नर्स फिलू घड्याळ लावून उभी राहायची आणि फेऱ्या मोजायची. फिलू मालवणची ख्रिश्चन बाई, आजोळ गोव्यात, तोंडाने फटकळ आणि हाताने हलकी. तिने टोचलेली सुई कळायची नाही, बोललेलं मात्र आठ दिवस ठणकायचं.

नवी फरशी बसली त्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "डॉक्टर, लोका पायरेवर व्हाणा काढून येतत. हेच्यार अनवाणी चलतले कशे? बर्फार चलल्यासारखी पावला टाकतत बघा."

मी म्हणालो, "फिलू, शास्त्रात चपलांचा उल्लेख नाही."

होता. वाचला नव्हता. सोयीचं पायताण घालून चालावं असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण डॉक्टरच्या दारात चपला काढायच्या हे आमच्या माणसांना सांगावं लागत नाही आणि घाला म्हटलं तर ती घालत नाहीत. मीही कधी म्हटलं नाही. स्वच्छ फरशीवर वाळूचे पाय उमटलेले मला खपायचे नाहीत.

आता त्या बेरजेचा अर्थ. तितके गुण मिळालेली शंभर माणसं घेतली, तर काही वर्षांनी त्यांतली साधारण किती असतील आणि किती नसतील, एवढंच ती बेरीज सांगते. समोर स्टुलावर बसलेला माणूस त्या शंभरांतला कितवा, हे बेरजेला माहीत नसतं. मला माहीत असायचं. निदान मी चेहरा तरी तसा करायचो.

माझं नाव झालं ते बाबलशेठमुळे. बाबलशेठ ट्रॉलरवाले, सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटवणारे. त्यांनी दरडावून विचारलं आणि मी सांगून टाकलं, "दोन चतुर्थ्या. तिसरी दिसत नाही." तिसऱ्या चतुर्थीला आठ दिवस असताना बाबलशेठ गेले. सगळं मालवण थक्क झालं. बाबलशेठ बंदराच्या रस्त्यावर एका पर्यटकाच्या मोटरसायकलची धडक बसून गेले होते. पण आकडा जुळला होता, त्यामुळे मोटरसायकलकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही. बाराव्याला त्यांचे भाऊ मला हात जोडून म्हणाले, "तुमी बोललात तसाच झाला." मी नम्रपणे मान हलवली.

उलटं उदाहरणही माझ्या समोरच होतं. इनास मास्तर नावाचे निवृत्त शिक्षक. त्यांना मी एक वर्ष दिलं होतं. वर्षभराने नाताळच्या दिवशी ते नेवऱ्या आणि गुळाच्या दोदोलच्या वड्या भरलेलं ताट घेऊन क्लिनिकमध्ये हजर. भरल्या बाकांसमोर मोठ्याने म्हणाले, "डॉक्टर, मी हयसरच आसंय! तुमचो आकडो खंय गेलो?" पुढच्या नाताळला पुन्हा ताट, पुन्हा तोच प्रश्न. असं सहा वर्षं चाललं. सातव्या वर्षी ताट त्यांच्या बायकोने आणलं. म्हणाली, "मास्तर गेले. जाताना म्हणाले, डॉक्टरांका सांग, शेवटाक तुमीच बरोबर." शहाण्या माणसाने तेवढ्यावर धंदा बदलला असता. मी दोदोल खाल्ला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

बारा वर्षांपूर्वी आतल्या एका गावातून रत्नप्रभाबाई आल्या. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगाने काटकुळ्या. आयुष्यभर भात उकडलेला, तेव्हा धाप लागणं ओघानेच आलं. नवरा मुंबईत गिरगावात कुठेतरी नोकरीला, म्हणून सोबत सासरे आले होते. त्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा. बहात्तर वर्षांचे, गावातले मानकरी, देवळात पहिला नारळ त्यांचा. दिवसाला विडीचं एक बंडल ओढायचे आणि फुप्फुसं शंखासारखी खणखणीत. निसर्गाच्या विनोदबुद्धीबद्दल मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी बाईंना विचारलं, "धाप कधी लागते? चढावर की सपाटीवरसुद्धा?"

तात्या म्हणाले, "सपाटयेर सुदा लागता."

"कामं होतात का घरातली?"

"खंयची होतत? न्हाणयेकडसून चुलीकडे येवक दोनदा बसता."

तात्या दिवसभर घरापुढच्या खळ्यात आरामखुर्चीवर असत. चुलीकडची बातमी त्यांना कुठून कळली हे मी विचारलं नाही. बाई पदराआडून खाली बघत होत्या. मी तात्यांचं उत्तर बाईंच्या नावावर लिहून घेतलं.

मग नळीत फुंकायचं. ही परीक्षा माणसाने जीव तोडून फुंकलं तरच खरी. गाल फुगवून, डोळे बाहेर काढून, सगळी लाज सोडून फुंकावं लागतं. मी "जोरात, आणखी, आणखी" असं ओरडत होतो, समोर सासरे बसलेले, आणि बाईंनी नळीत दुधाच्या सायीवर घालतात तेवढी हळुवार फुंकर घातली. तीन वेळा. मी तिन्हीतली सगळ्यात चांगली फुंकर धरली, नियमाप्रमाणे.

मग चाल. व्हरांड्याच्या मधोमध भिंतीला एक बाक होतं, त्यावर तात्या जाऊन बसले. बाई निघाल्या. अनवाणी, चकचकीत फरशीवर. बाक जवळ आलं की त्या पदर सारखा करायच्या, मान आणखी खाली घालायच्या, पाय आवरते घ्यायच्या आणि सासऱ्यांकडे पाठ होऊ नये म्हणून तिरक्या होऊन पुढे सरकायच्या. बाक ओलांडलं की दोन पावलं बरी पडायची, तोवर बादली यायची. वळलं की पुन्हा तेच. सहा मिनिटांत दोनशे मीटरही झाले नाहीत.

मी बेरीज केली. चारपैकी वजन तेवढं बाईंचं होतं. बाकीच्या तिन्हींचे गुण मी एका सुनेच्या मर्यादेला दिले होते.

पद्धतीप्रमाणे बाईंना बाहेर बसवलं. ज्याचं दुखणं त्याला बाहेर पाठवायचं आणि घरच्यांना आत घ्यायचं, ही आमची रीत.

"किती?" तात्यांनी विचारलं.

"दोन चतुर्थ्या. फार तर तीन."

तात्या म्हणाले, "नात आसा. कोल्लापुराक नर्सिंगाक घातलंव. पयला वरीस चालू हा. शिकान झाल्यार लगीन बघूया म्हणत होतंव."

मला कोणी सल्ला विचारला नव्हता. तरी मी म्हणालो, "आईच्या डोळ्यांदेखत व्हावं असं वाटत असेल तर उरकून घ्या." सल्ल्याचं मी वेगळं काही घेत नसे.

यानंतर दीड महिन्याने सोमवारी, बाजाराच्या दिवशी, मी मासळी घेऊन परतत होतो. बांगडे ताजे होते म्हणून मी खुशीत होतो. एवढ्यात मागून कोणीतरी सपासप चालत येऊन मला मागे टाकून गेलं. डोक्यावर उकड्या तांदळाची विकून उरलेली टोपली, हातात भरलेली पिशवी, पायात चपला. एस.टी. स्टँडच्या दिशेने बाई अक्षरशः सुटल्या होत्या. चाल ओळखीची नव्हती, म्हणून मी चेहरा बघायला पावलं उचलली. मला त्यांच्या जवळ पोचता येईना. मला.

"रत्नप्रभाबाई!" मी हाक मारली.

त्या वळल्या. मला बघितलं आणि काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. टोपली सावरली गेली, पदर पुढे आला, मान खाली गेली आणि पाय आवरले. एका क्षणात माझ्या व्हरांड्यातल्या बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"बस जातली मां, डॉक्टर, म्हणान जरा…" त्या ओशाळून म्हणाल्या. थोडी धाप होती. पण ती माझीही होती.

"अहो, त्या दिवशी अशा का चालला नाहीत?"

"मामंजी बसले होते नाय समोर? तेंच्या म्होरसून अशी धावत जाव? लोका काय म्हणतली?" मग जरा धीर करून, "आणि तुमची ती फरशी, डॉक्टर! तोंड दिसता तेच्यात. घसारलंय असतंय तर कंबार मोडली असती."

तेवढ्यात समोर स्टँडवर ड्रायव्हरने गाडी सुरू केली. बाई माझ्याकडे बघत, गाडीकडे बघत तशाच उभ्या. डॉक्टरांसमोर धावायचं कसं? शेवटी मीच म्हणालो, "जा, जा." तेव्हा त्या धावल्या. कंडक्टर दारातून ओरडला, "ओ काकी, येवा लवकर, गाडी काय तुमच्या मांगरात बांधलेली नाय!" आणि त्या पायरीवर चढल्यासुद्धा.

मी बांगडे घेऊन रस्त्यात उभा होतो. माझ्यासारख्या हुशार माणसाला काय झालं ते कळायला फार वेळ लागला नाही. दुखणं खरं होतं, आकडा खोटा होता. दोन चतुर्थ्यांचं मरण मी ज्या बाईंना दिलं होतं, त्या मला चालण्यात मागे टाकून एस.टी. पकडून गेल्या होत्या.

त्यानंतर मी काय केलं? घरी जाऊन बांगडे खाल्ले. मग ठरवलं की पुढच्या वेळी त्या तपासायला आल्या की बघू.

पुढच्या वेळी त्या आल्या नाहीत. त्यांची मुलगी आली. दीपा, वीस वर्षांची, कोल्हापुराहून सुट्टी काढून आलेली. ती आली त्याच्या दोन दिवस आधी गावातल्या एका मंडळाने माझा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, आणि भाषणात बाबलशेठांचा उल्लेख. शाल अजून खुर्चीच्या पाठीवरच होती. मुलीने चपला पायरीवर काढल्या, आत आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "डॉक्टर, आईला परत एकदा चालवून बघाल का? एकटीला. तात्यांना न आणता."

मुलगी कॉलेजात शिकलेली शुद्ध भाषा बोलत होती. मीही क्लिनिकमध्ये शुद्धच बोलायचो. मालवणीत बोललं की औषध कमी लागू पडतं असा माझा समज होता.

"का?" मी विचारलं.

"आमच्या कॉलेजात पण ही टेस्ट शिकवली. आई अशी नाही चालत. शेतातून माझ्या पुढे येते. रविवारी खारेपाटणची माणसं मला बघायला येणार आहेत. तात्या म्हणतात, आईचं काही खरं नाही, या वर्षी व्हायलाच हवं." "तुम्ही एकदा तात्यांना सांगितलं की घाई नाही, तर ते ऐकतील. दुसऱ्या कोणाचं नाही ऐकणार."

सोमवारचा बाजार, ती टोपली, तो कंडक्टर, सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. ती काय मागत होती? सहा मिनिटं आणि एक वाक्य.

मी म्हणालो, "अशा टेस्ट पुन्हा पुन्हा करायच्या नसतात. रिपोर्ट मनासारखा आला नाही की सगळ्यांनाच परत करावीशी वाटते."

हे खोटं होतं. ही चाचणी दोनदा घ्यावी, कारण पहिल्या वेळी माणूस बुजतो, असं पुस्तकातच लिहिलेलं आहे. तिच्या पुस्तकातही असणार. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला उलट बोलता आलं असतं, पण तीही आईचीच मुलगी. डॉक्टरांपुढे तोंड कसं उघडायचं? मान खाली घालून ती निघून गेली.

फिलू दारात उभी राहून सगळं ऐकत होती. बाजारातली गोष्ट मीच तिला हसत हसत सांगितली होती. ती एवढंच म्हणाली, "सहा मिनटां तर होती, डॉक्टर."

मी तिला पुढचा पेशंट पाठव म्हणालो. नकाराचं कारण काय होतं, ते बारा वर्षांत मी स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून पाहिलं आहे. खरं कारण एकच. तात्यांना "मी चुकलो" म्हणालो असतो तर संध्याकाळपर्यंत ते मालवणभर झालं असतं. मग लोकांना मोटरसायकलही आठवली असती.

लग्न मे महिन्यात झालं. आमंत्रण होतं, मी गेलो. मला पहिल्या पंगतीला, पंख्याखाली बसवलं. रत्नप्रभाबाई स्वतः वाढत होत्या. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, परत वडे. किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. सवयीने मोजायला लागलो होतो, मध्येच थांबलो. तात्या शेजारी येऊन म्हणाले, "तुमच्यामुळा येळेर झाला, डॉक्टर." मी आणखी एक वडा घेतला.

पुढे दोन चतुर्थ्या झाल्या, तीन झाल्या, पाच झाल्या. मी बाईंना गॅसची शेगडी घ्यायला लावली, मांगरातला धूर बंद करायला लावला, औषधाचा पंप नीट ओढायला शिकवला. त्या बऱ्या राहिल्या. मला वाटलं, आता कधीतरी कोणी विचारेल की आकड्याचं काय झालं? तसं झालं नाही. तात्या सुनेच्या कानावर जाऊ न देता गावभर सांगत, "डॉक्टरान दोनच सांगितलेल्यो. औषधान धा केल्यान!" माझी गर्दी वाढली. या धंद्यात हरायची सोयच नाही. माणूस गेला तर माझं भाकीत खरं, राहिला तर माझं औषध गुणी. अपवाद फक्त इनास मास्तरांचा, आणि त्यांनीही शेवटी समजुतीने घेतलं.

आता क्लिनिक बंद करून चार वर्षं झाली. फिलू मुलाकडे गोव्यात असते. संपादकांचा फोन आला तेव्हा "अचूक" हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी रत्नप्रभाबाईंच्या गावची गाडी पकडली.

बाई खळ्यात कोकमं वाळत घालत होत्या. तात्या घरात झोपले होते. चौऱ्याऐंशीचे झालेत आणि विडी चालू आहे. मी बाईंना सगळं सांगितलं. आकडा, बाजार, मुलगी आली होती ते, मी काय म्हणालो ते. बाजाराचं बाईंना माहीत होतंच, बाकीचं नव्हतं. त्या आधी हसल्या. "मरे! म्हणजे मी दोन वर्सात जातलंय होतंय? आणि माकाच कोणी सांगूक नाय?" हसताना धाप लागली, थोडं थांबल्या. मग हसू गेलं.

"चेडू तुमच्याकडे इला होता?" त्यांनी मुलीबद्दल विचारलं.

"हो."

"ह्या तेना माका सांगल्यान नाय." कोकमाची एक फोड उचलून त्यांनी उलटी केली. "माझा काय नाय, डॉक्टर. मी जगलंय. तुमी तेका जावन सांगा."

मी खारेपाटणला गेलो. दीपाच्या नवऱ्याचं बाजारात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. माणूस भला आहे, हे सांगायला हवं. माझ्या गोष्टीत तो दुष्ट निघाला असता तर मला जरा बरं वाटलं असतं, पाप वाटून घेता आलं असतं. दीपा आता बत्तीस वर्षांची. आशा सेविका म्हणून घरोघर जाते, बाळंतिणींची नोंद ठेवते, म्हाताऱ्यांच्या बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावून आकडा बघते. मी गेलो तेव्हा दुपारची वेळ होती, ती दुकानात काउंटरवर कागद लावत बसली होती. मला ओळखून उठून उभी राहिली. पाणी दिलं. मी उभ्यानेच सांगितलं, कारण बसलो असतो तर इकडचं तिकडचं बोललो असतो.

मागे झेरॉक्स काढणाऱ्या नवऱ्याने मशीन बंद करून ठेवलं.

"माका माहीत आसा," ती म्हणाली. या वेळी ती मालवणीत बोलली. "आईन साखरपुड्यादिवशी सांगितल्यान, बाजारात तुमका गावलेली तां. म्हणजे तुमच्याकडे मी इलंय तेव्हा तुमका ठावक होता. तेव्हाच माझ्या ध्यानात इला."

"मग तू तात्यांना का…"

"सांगितलंय मां. तात्या म्हणाले, डॉक्टरापरीस तुका जास्ती कळता? पयल्या वर्साक आसस ना तू?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने हात वर केला.

"ती ऱ्हवांदे. माका तुमच्याकडसून एक कागद होयो."

काउंटरखालून तिने एक फाइल काढली. नर्सिंगचा फॉर्म होता. पुन्हा पहिल्या वर्षापासून. वयाची अट अजून ओलांडली नव्हती, थोडक्यात वाचली होती. नवऱ्याने सांगितलं, "शिक्षण मधी तुटल्याचा कारण लिहून देवचा लागता. बारा वर्सांचो गॅप आसा. कॉलेजवाले कारण विचारतले आणि पुरावो मागतले." तो माझ्याकडे न बघता बोलत होता. दीपाने कोरा कागद आणि पेन पुढे सरकवलं.

मी लिहिलं, 'आईच्या गंभीर आजारपणामुळे शिक्षण खंडित झाले.' सही करून दिला.

तिने वाचला. "आई गंभीर खंय होती?"

मी दुसरा कागद घेतला. लिहिलं, 'वैद्यकीय गैरसमजामुळे शिक्षण खंडित झाले.'

तिने तोही वाचला आणि परत ठेवला. "गैरसमज कोणाचो?"

तिसऱ्या कागदाला वेळ लागला. इतकी वर्षं मी रोज लिहीत आलो, पण त्यात 'मी' हा शब्द कुठे घालावा लागला नव्हता. लिहिलं: 'सदर विद्यार्थिनीच्या आईची तपासणी मी केली. ती तपासणी चुकीच्या पद्धतीने झाली आणि तिच्यावरून आईचे आयुष्य दोन वर्षे असल्याचे मी कुटुंबाला सांगितले. मुलीचे लग्न उरकून घ्या, हा सल्लाही मीच दिला. आपली चूक मला दीड महिन्यात कळली. विद्यार्थिनीने स्वतः येऊन पुन्हा तपासणीची विनंती केली असता मी नकार दिला. तिचे शिक्षण त्यामुळे थांबले. तिची आई आज हयात आहे.' खाली नाव, पदवी, तारीख, सही.

दीपाने तो सावकाश वाचला. मग तिने तो नवऱ्याच्या हातात दिला.

"हेच्यो दोन प्रती काढा," ती म्हणाली. "एक कॉलेजाक. एक तात्यांका."

नवऱ्याने मशीन चालू केलं. ते तापायला थोडा वेळ लागतो. तोवर मी काउंटरसमोर उभा होतो. मागे खुर्ची होती. बसा म्हणून कोणी म्हणालं नाही.